पाटा आमचा, वरवंटा त्यांचा

आमच्या घरी पाटा आहे, वरवंटा नाही. वरवंटा भिंतीपलीकडं, माझ्या थोरल्या जाऊबाईंकडं असतो. त्यांना मी आक्का म्हणते. नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग विचारतो, दुसरा वरवंटा का घेत नाही? बाजारात मिळतो की. मिळतो ना. पण ज्या घरानं आधी दुसरा घेतला त्या घरानं जुन्या जोडीवरचा हक्क सोडला, असं आमच्या दोन्ही घरांत एक शब्दही न बोलता ठरून गेलेलं आहे. मी वरवंटा विकत आणला तर आक्का पाटा मागायला येतील, अशी माझी शंका. त्यांनी पाटा आणला तर मी वरवंटा मागेन, अशी त्यांची शंका. आणि दोघींच्याही शंका अगदी खऱ्या आहेत.

शंका घेण्यावरून आमचे हे मला फार बोलतात. मी दुधात बोट बुडवून बघते. भाजीवाल्याच्या तराजूखालून हात फिरवते. फोनवर कुणी पहिल्या वाक्यालाच गोड बोललं की फोन ठेवून देते. हे म्हणतात, "तू लग्न होऊन आलीस तेव्हा माप ओलांडायच्या आधी त्यात तांदूळच आहेत का, हेसुद्धा बघितलं असशील." बघितलं होतं. तांदूळच होते, पण किडके होते. त्या दिवसापासून या घरात डोळे उघडे ठेवायचे, एवढं मी ठरवून टाकलं.

आमचं गाव नेवाशाच्या अलीकडं, प्रवरेच्या अंगाला. सासूबाई हयात असतानाच दोघा भावांची वाटणी झाली. जमिनीची वाटणी पुरुषांनी पुढच्या ओट्यावर बसून केली, भांड्यांची आम्ही बायकांनी मागच्या अंगणात. जमिनीच्या वाटणीला दुपार पुरली. भांड्यांचं संध्याकाळपर्यंत मिटेना. हंडे, घागरी, बिडाचा तवा, शेवयांचा पाट, एकेक वस्तू मधे यायची आणि आम्ही दोघी तिच्याकडं न बघता एकमेकींच्या तोंडाकडं बघायचो. समोरचीला काय हवंय ते ओळखायचं आणि तेच मागायचं, अशी ती तऱ्हा. आक्कांनी भाकरीची काठवट घेतली. मग मी म्हणाले, पाटा-वरवंटा माझा. त्या म्हणाल्या, थोरली मी, तो माझा.

तो दगड होताही तसाच. काळाभोर, सासूबाईंच्या सासूबाईंच्याही आधीपासूनचा. पाटा मधे खोलगट झालेला, आणि वरवंट्याला त्या खोलगटाएवढंच पोट आलेलं. दोघं एकमेकांवर घासून घासून एकमेकांपुरते झाले होते. वरवंट्याच्या एका टोकाला तिरपी पांढरी रेघ होती, दगडातच असलेली. ती अंधारातही माझ्या बोटाला कळायची, कारण तिथं जरा खरबरीत लागायचं. पण खरी गोष्ट वेगळीच होती. या घरात जन्मलेल्या प्रत्येक लेकराची पाचवी त्याच जोडीवर पुजलेली. मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी, दिवेलागणीला, पाटा मांडायचा, त्यावर वरवंटा ठेवायचा, हळदी-कुंकू वाहायचं, आणि सटवाईनं येऊन बाळाच्या कपाळी चांगलं लिहावं म्हणून हात जोडायचे. आमच्या यांची पाचवी त्याच्यावर झाली, मोठ्या भाऊजींची झाली, माझ्या आणि आक्कांच्या लेकरांची झाली. घराण्यात सोनं-नाणं कधी नव्हतंच. हा दगड तेवढा होता.

सासूबाई मसूर निवडत बसल्या होत्या. आमचा आवाज वाढला तसं त्यांनी सूप बाजूला टाकलं, वरवंटा उचलून आक्कांच्या मांडीवर ठेवला आणि पाट्याकडं बोट करून मला म्हणाल्या, "हा तुझा. घ्या आता. एकमेकीचं तोंड बघितल्याबिगर दोघींच्याबी ताटात पुरनाची पोळी पडायची न्हाई."

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पाटा जड, तो जागचा हलत नाही. वरवंटा काखेत मारून कुठंही नेता येतो. म्हणजे आक्का वाटेल तेव्हा माझ्या घरात येणार, आणि मी मात्र त्या कधी येतील याची वाट बघत बसणार. सासूबाईंचा ओढा थोरलीकडं होता, हे मला त्या वाटणीतून पुरतं कळलं.

पुढच्या अंगाला भावाभावांनी भिंत घातली. मागच्या अंगाला शेवग्याचं झाड मधे आल्यामुळं ती बांधायची राहिली, ती राहिलीच. त्या फटीतून आक्का सकाळी येऊ लागल्या. हातात वरवंटा, वाटीत मिरच्या, लसूण, मीठ. माझ्या मागच्या पडवीत पाटा होता. त्या त्यांचं वाटायच्या, मग मी माझं वाटायची, मग त्या वरवंटा धुऊन परत घेऊन जायच्या. एक रात्रही कधी त्यांनी तो माझ्याकडं ठेवला नाही. मीही कधी ठेवा म्हणाले नाही, कारण ठेवा म्हटलं की मनात काय आहे ते त्यांना कळलं असतं. आमच्या पोरानं मिक्सर आणून दिला तरी हे सुटलं नाही. मिक्सर चटणीचा भुगा करतो. पाट्यावर शेंगदाण्याला तेल सुटतं, ते मिक्सरमध्ये सुटत नाही. हे कारण आम्ही दोघी सगळ्यांना सांगायचो आणि ते खरंही होतं.

वाटता वाटता आक्कांची नजर माझ्या फडताळावर फिरायची. कुठला डबा नवीन, कुठला रिकामा, आज दूध जास्त का आहे, सगळं बघून घ्यायच्या. बोलायच्या मात्र गोड. "तुझ्या हाताला चव हाय गं," म्हणायच्या. मी म्हणायची, "तुमच्याच वरवंट्याची हाय." मग दोघी हसायचो. मी हसताना तिखटाच्या डब्यावर झाकण ठेवून द्यायची.

अशी वर्षं गेली. सासूबाई गेल्या. पोरं मोठी झाली, माझा मुलगा नगरजवळ नागापूरला कारखान्यात लागला, लेकीचं लग्न झालं. आणि मग सामाईक विहिरीवरून व्हायचं ते झालं. मोठ्या भाऊजींनी नवी पाइपलाइन टाकली, मोटरही बदलली, यांना न विचारता. हे म्हणाले, पाण्याची पाळी ठरलेली असताना मोटर कशी काय बदलली. एक बोलला, दुसरा बोलला, शिव्यांपर्यंत गेलं, आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं. मग आमच्या दोघींचंही बंद झालं. ते कुणी सांगावं लागत नाही. नवरे बोलत नसताना बायका बोलल्या तर त्या फितूर.

त्यानंतर काही दिवस आक्का आल्याच नाहीत. मी मिक्सर काढला. मनात म्हटलं, चला, एकदाचं सुटलं. खरं सांगायचं तर सकाळी शेवग्याकडं बघायची सवय काही जात नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

आणि एका सकाळी त्या आल्या. नेहमीच्याच वेळी, त्याच फटीतून. वरवंटा जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला. माझ्याकडं बघितलं, एक शब्द बोलल्या नाहीत, पाट्यापाशी बसल्या आणि वाटायला लागल्या. मीही बोलले नाही. झाल्यावर त्यांनी माझ्या मिरच्यांची वाटी स्वतःच ओढून घेतली आणि माझंही वाटलं. मी हात पुढं केला तर मान हलवली, बस म्हणून खूण केली. वाटून झाल्यावर माझ्याकडं पाठ करून वरवंटा धुतला, फडक्यात गुंडाळला आणि गेल्या.

इतक्या वर्षांत माझी एक लसणाची पाकळी त्यांनी कधी वाटून दिली नव्हती. आणि आता भांडण झाल्यावर? कुठंतरी पाणी मुरत होतं.

दुपारी हे जेवायला बसले. पहिल्याच घासाला थांबले. "चटणीत कचकच लागतीय."

"लसूण नीट धुतला नसेल," मी म्हणाले. पण मी लसूण कधी धुतच नाही. मी चटणी बोटावर घेऊन दाताखाली धरली. बारीक खर होती, दगडाची. आमच्या पाट्याला खर सुटल्याचं मला आठवत नव्हतं. पाट्याला छिन्नीनं टाकी लावल्यावर आठवडाभर सुटते तेवढीच, आणि टाकी लावणारी बाई बऱ्याच दिवसांत गावात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी चुलीपाशी पाठ करून उभी राहिले आणि नुसतं ऐकलं. आमचा वरवंटा चालताना घरघर आवाज यायचा, भरलेला, एकसारखा. हा खडखडत होता. मधे एकदम आवाज जायचा आणि टोकाला यायचा. म्हणजे मधे टेकत नव्हता. मी वळून बघितलं तर आक्कांचा हात डुगडुगत होता, आणि त्या पदरानं दगड झाकून वाटत होत्या. पदर असा पाट्यावर सोडून कुणी वाटतं का?

वरवंटा बदलला होता. मला खात्री पटली.

मी यांना सांगितलं. हे तर हसायलाच लागले. "दगड चोरून कोन मोठं झालंय का गं?"

"चोरला असं म्हणत नाही मी. विकला असेल."

"कुनाला? आन् कशाला?"

कशाला, ते मला ठाऊक होतं. आता शहरातल्या लोकांना जुन्या वस्तूंचं वेड लागलंय. नगर रोडला एक हॉटेल झालंय, गावरान जेवणाचं. त्याच्या दर्शनी भिंतीत जाती, पाटे, उखळ, नांगराचे फाळ, सगळं सिमेंटमध्ये बसवलंय. लोक त्याच्यापुढं उभे राहून फोटो काढतात. जे घरात होतं ते भंगारात घालायचं आणि मग पैसे देऊन बघायला जायचं. तर लेकीला दवाखान्यात दाखवायला नगरला निघालो तेव्हा मी मुलाला तिथं गाडी थांबवायला लावली. लेकीला दिवस गेले होते. तिला म्हटलं, तू चहा घे, मी आलेच.

भिंतीत वरवंटे रांगेनं लावले होते. मी एकेकाच्या टोकावरून बोट फिरवत चालले. कुणाला रेघ नव्हती. एकाला होती, पण ती सिमेंटचा ओघळ निघाली. तेवढ्यात गल्ल्यावरचा माणूस बाहेर आला.

"काय बघताय मावशी?"

"आमचा वरवंटा."

तो जरा मागं सरकला. "ते भंगारवाल्याच्या टेम्पोतनं आलंय सगळं. आमी कुनाच्या घरातनं न्हाई आनलं."

"कुठल्या गावचा टेम्पो?"

"मला काय म्हाईत?" असं म्हणाला आणि माझ्या मागं मागं चालायला लागला. मी पिशवीत काही घालतेय का ते तो बघत होता. माणूस कामाचा वाटला मला. गल्ल्यावर असाच माणूस बसवायला पाहिजे. पण आमचा दगड तिथं नव्हता.

गाडीत लेक म्हणाली, "आई, एका दगडासाठी तू लोकांच्या भिंती चाचपतेस." मी म्हणाले, "तुझ्या बाळाची पाचवी कशावर पुजायची, ते सांग आधी." तिची स्वतःची पाचवी त्या जोडीवर झालेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे पाचवी माझ्या घरात. त्या दिवशी खोटा दगड पाट्यावर ठेवायचा? असल्या गोष्टींवर माझा विश्वास आहे का, असं मला विचारू नका. लेक बाळंतीण असली की विश्वास नसलेली बाईसुद्धा धोका पत्करत नाही. मला माझ्या नातवंडासाठी तोच वरवंटा हवा होता. दुसरं काही नको होतं.

आणि त्यातच मला वाट सापडली. पाचवीला वरवंटा फडक्यात गुंडाळून चालत नाही. तो उघडा करून धुवावा लागतो, हळद लावावी लागते, आणि रात्रभर पाट्यावर राहू द्यावा लागतो. म्हणजे आक्कांना तो माझ्या हातात द्यावाच लागणार होता. आता कसा लपवतात ते बघते, असं मी मनाशी म्हटलं. मी काही बोलले नाही, सकाळचं वाटण चालू राहू दिलं. त्याही येत राहिल्या, न बोलता, आणि माझं सगळं वाटण स्वतः वाटत राहिल्या. नंतर नंतर तर घरून मूठभर तांदूळ आणायच्या आणि तेच भिजवून वाटत बसायच्या. कशासाठी, ते कळेना. खर मात्र हळूहळू कमी झाली. आवाजही बदलत चालला होता. मला वाटलं, आपल्या कानाला खोट्याची सवय झाली, आणि मी स्वतःवरच चिडले.

लेक बाळंत झाली. मुलगी झाली. तिला घरी आणल्यावर मी शेवग्यापाशी उभी राहून हाक मारली. भांडणानंतर मी त्यांच्याशी बोललेले ते पहिले शब्द.

"आक्का, उद्या पाचवी हाय. वरवंटा लागंल. रातभर ठेवावा लागंल."

पलीकडं भांडी घासल्याचा आवाज चालू होता तो थांबला. मग आक्का म्हणाल्या, "आनते."

आवाज असा बारीक की मला आतून बरं वाटलं. सापडल्या एकदाच्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर मी पडवी सारवून घेतली, पाटा धुतला, हळदीनं सटवाई काढली. आतल्या खोलीत बाजेवर लेक आणि बाळ. हे मुद्दाम शेताकडं निघून गेले होते. मी काय काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं. सासूबाईंच्या वाटणीपासून सुरुवात करणार होते आणि काठवटीपर्यंत जाणार होते.

आक्का आल्या. पडवीच्या पायरीपाशीच थांबल्या. गाठोडं पुढं केलं. मी ते घेतलं तेव्हाच हाताला कळलं. हलका होता. फडकं सोडलं. टोकाला रेघ नव्हती. दोन्ही टोकांवर छिन्नीच्या खुणा तशाच होत्या, बाजारातल्या नव्या दगडावर असतात तशा.

"हा आपला न्हाई," मी म्हणाले.

"न्हाई," आक्का म्हणाल्या.

एवढंच. भांडायला समोरच्यानं नाही नाही म्हणावं लागतं. त्यांनी सरळ कबूल केलं आणि माझ्या सगळ्या बोलण्याचा पायाच गेला.

"कुठं हाय मग आपला?"

त्यांनी विहिरीच्या दिशेला मान वळवली. "पाइपलाइनीचं झालं त्या दिशी हे घरात आले. म्हणले, आजपासून त्या दारात पाय ठेवायचा न्हाई. मी म्हणलं, आवं, पन वाटन? तर वरवंटा उचलला आन् तसेच विहिरीवर गेले. टाकला. आल्यावर मला म्हणले, आता बघतो कशी जाती ते."

ज्या विहिरीसाठी भावांची तोंडं फिरली तिच्यातच तो पडला होता, गाळात, आणि वरचं पाणी दोन्ही घरं उसाला देत होती.

"मंग हा?"

"बाजारच्या दिशी घोडेगावला गेले. म्हणलं ह्यांना, किराना आनते. वडारनीकडनं हा घेतला, त्याच मापाचा बघून. घरी आनला तर हे बघतच राह्यले. मी म्हणलं, मी तिथं तोंड उघडत न्हाई, तुमच्या गळ्याची शपथ. नुसती वाटून येते. तवा कुठं सोडलं मला."

म्हणून त्या बोलत नव्हत्या. मी समजत होते, त्यांचा तोरा.

"आवं पन आक्का, मला सांगायचं की. मी काय खाल्लं असतं तुमाला?"

"काय सांगू?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. डोळे भरले होते. "वरवंटा न्हाई म्हणल्यावर मी कोन्त्या कामानं आले असते तुझ्या दारात?"

आतून बाळ रडलं. लेकीनं त्याला घेतलं असावं, रडणं थांबलं. मग आक्काच बोलल्या, भरभर, बरेच दिवस तोंड दाबून ठेवलेल्या माणसासारख्या. "नवा बसतच नव्हता पाट्यावर. डुगडुग करायचा. म्हणून तुला हात लावू देत न्हवते. पोरीला दिवस गेल्याचं कळलं तवा पाचवी आठवली. म्हणलं, पाचवीपतुर ह्याला बसवायचाच. तांदूळ वाटले, घरी पायरीवर वाळू टाकून घासला. पन खोटा तो खोटाच. ह्याच्यावर पाचवी करू नगं. मी जाते, वस्तीवरनं कुनाचातरी जुना मागून आनते."

त्या खरंच वळल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण तो आता भिंतीपलीकडच्या ओट्यावर बसलेल्या माणसासाठी. वाटलं जावं आणि विचारावं, दगडानं तुमचं काय वाकडं केलं होतं? पण दिवे लागायची वेळ टळत होती. मी तो नवा दगड धुतला आणि पाट्यावर ठेवला. हातानं दाबला, ढकलला. हलला नाही. पाट्याच्या खोलगटात तो पोटाशी टेकला होता. सगळा नाही, पण टेकला होता. त्या पोटासाठी किती तांदूळ, किती सकाळी लागल्या असतील ते मला कळत होतं, कारण प्रत्येक सकाळी मी तिथंच उभी होते आणि चोरी पकडायची वाट बघत होते.

"थांबा," मी म्हणाले. "आत या. हळद तुमी लावा."

त्यांनी हळद लावली. जरा जास्तच लावली. लेकीनं बाळ आणून पाट्यापुढं टेकवलं. आक्कांनी कुंकू वाहिलं, हात जोडले आणि मोठ्यानं, अगदी भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या, "सटवाई बाई, पोरीच्या कपाळी चांगलं लिव्ह." शपथ त्यांनी आता उघडउघड मोडली. भिंतीपलीकडं खोकल्याचा आवाज आला तेवढाच.

सकाळी मी उठले तेव्हा पाट्यावर वरवंटा होता. वाटणीपासून आजवर असं कधी झालं नव्हतं. जोडी माझ्या घरात, माझ्या पडवीत. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. मी चुलीवर पाणी ठेवलं आणि शेवग्याकडं बघितलं. कुणी आलं नाही. दूध तापलं, बाळाची अंघोळ झाली, तरी कुणी नाही. येतील कशाला? दगड माझ्याकडंच होता.

लेक म्हणाली, "आई, राहू दे आता तो इथंच. काकूंना एवढं वजन रोज वाहायला कशाला लावायचं? आता सगळं कळलंच आहे."

हेही म्हणाले, "व्हय की. बरं झालं, जोडी झाली एका जागी."

दोघांचं म्हणणं बरोबर होतं. तरी मी उठले. वरवंटा धुतला, त्याच लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला आणि शेवग्याच्या फटीतून न जाता पुढच्या रस्त्यानं गेले. त्यांच्या दारात. मोठे भाऊजी ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांनी मान खाली घातली. त्यांच्याशी मी तशीही कधी वर मान करून बोलत नाही, पण त्या दिवशी केली. गाठोडं त्यांच्या पुढ्यात धरलं.

"आक्कांचा वरवंटा हाय. उद्या सकाळी चटणी वाटायचीय. त्यांना म्हणावं, लवकर या."

त्यांनी फडक्यावरूनच ओळखलं काय आहे ते. मग दोन्ही हात पुढं केले आणि घेतला.

मी निघाले. पण माझा स्वभाव काही एका रात्रीत बदलत नाही. भिंतीच्या कोपऱ्याआड थांबून मी बघितलं, आता ते विहिरीकडं निघतात का ते. ते उठले. दगड छातीशी धरला, आणि घरात गेले.